ते दोघे गुलाम झालेच नव्हते

चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी एक गोष्ट फिरून येते. उपदेशातही ती असते, तरुणांच्या शिबिरात तर हमखास. गोष्ट अशी: वेस्ट इंडीजमधल्या एका बेटाचा मालक नास्तिक इंग्रज होता. त्याच्याकडे दोन-तीन हजार गुलाम होते आणि ‘इथे पाद्र्याने पाऊल ठेवायचं नाही’ अशी त्याने ताकीद दिली होती. जर्मनीतल्या हेर्नहूट या मोरेव्हियन (हा एक प्रोटेस्टंट पंथ) गावातल्या दोन विशीतल्या तरुणांनी ते ऐकलं आणि त्या मालकाला स्वतःला जन्मभरासाठी विकून टाकलं. विक्रीचे पैसे जहाजाच्या भाड्यात गेले. जहाज धक्क्यावरून सुटलं, घरचे रडत उभे होते, तेव्हा त्या दोघांनी हात उंचावून आरोळी दिली: ‘वधलेल्या कोकऱ्याला त्याच्या दुःखसहनाचं फळ मिळो!’ ते पुन्हा कधी कुणाला दिसले नाहीत. जगातले पहिले प्रोटेस्टंट मिशनरी ते हेच. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग आणि ‘आमेन म्हणा, पुढे पाठवा’.

ही माणसं होती, गाव आहे, प्रवासही झाला. लिओनहार्ड डोबर आणि डेव्हिड निचमान 21 ऑगस्ट 1732 रोजी हेर्नहूटहून निघाले आणि त्याच वर्षी 13 डिसेंबरला वेस्ट इंडीजमधल्या सेंट थॉमस बेटावर उतरले. एवढं सोडलं तर वरच्या गोष्टीतलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकलेलं आहे. हे कळायला फार खटपट करावी लागत नाही, कारण मोरेव्हियनांइतकी लिहून ठेवणारी मंडळी विरळाच. रोजनिशा, पत्रं, बैठकींचे वृत्तान्त तर आहेतच, शिवाय प्रत्येक सभासदाने मरणापूर्वी स्वतःचा जीवनवृत्तान्त लिहायचा किंवा सांगून लिहवून घ्यायचा आणि तो दफनाच्या वेळी वाचायचा, अशी त्यांची रीतच होती. हेर्नहूटच्या दफ्तरखान्यात आणि अमेरिकेतल्या बेथलेहेमच्या दफ्तरखान्यात असे हजारो वृत्तान्त आजही आहेत. या लोकांच्या नावावर काही खपवायचं म्हणजे हिशेबनिसाच्या घरी खोटी पावती दाखवण्यासारखं आहे.

आता एकेक मुद्दा घेऊ.

‘बेटाचा मालक नास्तिक इंग्रज होता.’ सेंट थॉमस इंग्रजांचं नव्हतं आणि एका माणसाचंही नव्हतं. 1672 पासून ती डेन्मार्कची वसाहत होती आणि कारभार डॅनिश वेस्ट इंडिया-गिनी कंपनीकडे होता. मळेवाले बरेचसे डच, काही डॅनिश, काही इतर. नास्तिक तर मुळीच नाहीत. बेटावर लुथरन चर्च होतं, डच रिफॉर्म्ड चर्चही होतं. रविवारी प्रार्थनेला बसायचं आणि सोमवारी उसाच्या मळ्यात चाबूक चालवायचा, असा त्या मालकांचा आठवडा होता. गोष्टीत खलनायक नास्तिक केला की ऐकणाऱ्याला हायसं वाटतं: ‘तो आपल्यातला नव्हता.’ पण ते आपल्यातलेच होते, बाप्तिस्मा झालेले, नियमित प्रभुभोजन घेणारे.

‘ते जगातले पहिले प्रोटेस्टंट मिशनरी.’ हे निदान भारतातल्या माणसाने तरी पुढे पाठवू नये. बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युत्शाउ 1706 साली तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीत उतरले, म्हणजे सेंट थॉमसच्या सव्वीस वर्षं आधी. त्यांना पाठवणाराही डेन्मार्कचाच राजा. आणि हेर्नहूट ज्याच्या जमिनीवर वसलं तो काउंट निकोलाउस लुडविग फॉन झिंझेनडॉर्फ पोरवयात जर्मनीतल्या हाले शहरातल्या शाळेत शिकत असताना तरंगमबाडीच्या बातम्या ऐकत वाढला होता. सुट्टीवर आलेला झिगेनबाल्ग 1715 साली हालेलाही येऊन गेला. दूरदेशी माणसं धाडायची कल्पना त्या गावात आली ती थोडीफार आपल्या कावेरीच्या मुखापासून. हा धागा आपल्याकडे कुणी सांगत नाही, आणि इंग्रज मालकाची बनावट कथा मात्र पाठ असते.

‘दोघे विशीतले तरुण.’ डोबर सव्वीस वर्षांचा, कुंभार, अविवाहित. निचमान मात्र पस्तिशी ओलांडलेला सुतार होता, त्याची बायको-मुलं हेर्नहूटलाच होती. शिवाय तो जायचा होता तो डोबरला सोबत म्हणून, तिथे कायमचं राहायला नव्हे. परत यायचं हे निघतानाच ठरलेलं होतं.

‘स्वतःला विकलं.’ गोष्टीचा कणा हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

1731 साली झिंझेनडॉर्फ डेन्मार्कच्या राजाच्या राज्याभिषेकाला कोपनहेगनला गेला होता. तिथे त्याला एका सरदाराच्या पदरी असलेला आंतोन नावाचा माणूस भेटला. आंतोन सेंट थॉमसचा, गुलामीत जन्मलेला. त्याची बहीण आन्ना आणि भाऊ आब्राहाम अजून तिथेच गुलामीत होते. त्या वर्षीच्या जुलैत आंतोन स्वतः हेर्नहूटला आला आणि भरलेल्या सभेपुढे बोलला. तिथल्या गुलामांना दिवसभर इतकं राबवतात, की त्यांना शिकवायला दुसरी वेळच सापडायची नाही. जो कुणी जाईल त्याला त्यांच्याबरोबर गुलाम होऊनच राबावं लागेल, हे म्हणणं त्याचं. ‘गुलाम होऊन जाणं’ ही कल्पना डोबरची नाही, निचमानचीही नाही. ती एका गुलामाने मांडली. तीनशे वर्षांच्या फॉरवर्डबाजीत त्याचंच नाव गळालं.

डोबरने ती मनावर घेतली, हेही खरं. वेळ आली तर गुलाम व्हायची तयारी असल्याचं त्याने मंडळीला कळवलं. वर्षभर खल झाला. शेवटी त्या मंडळींच्या रिवाजाप्रमाणे चिठ्ठी काढली, आणि चिठ्ठीत आलं: मुलाला जाऊ द्या, प्रभू त्याच्याबरोबर आहे. दोघे पायी कोपनहेगनला पोचले. तिथे त्यांना बहुतेकांनी वेड्यात काढलं. कंपनी आपल्या जहाजातून न्यायला तयार होईना. दरबारातला मोठा अधिकारी फॉन प्लेस याने त्यांना सरळ व्यवहारी प्रश्न विचारला: तिथे पोट कसं भरणार? ते म्हणाले, गुलामांत गुलाम होऊन राबू. त्यावर फॉन प्लेसने सांगितलं, ते होणार नाही, तशी परवानगीच मिळणार नाही. मग निचमान म्हणाला, मी सुतार आहे, सुतारकी करीन. आणि हा कुंभार? हा माझ्या हाताखाली काम करील.

झालं. स्वतःला विकण्याचा विषय कोपनहेगनमध्येच, एका अधिकाऱ्याच्या दालनात संपला. गोरा माणूस त्या बेटावर गुलाम होऊच शकत नव्हता. तिथली गुलामगिरी म्हणजे गरिबीची किंवा कर्जाची पायरी नव्हती, की कुणी मनात आणलं आणि खाली उतरला. ती कातडीला जोडलेली होती. फॉन प्लेसला ते माहीत होतं, आंतोनला अनुभवाने माहीत असायला हवं होतं, आणि हेर्नहूटच्या भल्या माणसांच्या ते गावीही नव्हतं. गोष्ट पुढे पाठवणाऱ्यांच्या अजूनही नाही.

भाड्याचे पैसे? राजाची बहीण शार्लट आमाली हिने त्यांना पैसे दिले, सोबत डच भाषेतलं बायबल दिलं. दरबारातल्या आणखी काहींनी हातभार लावला, त्यातून निचमानची हत्यारं आली. ऑक्टोबरमध्ये ते एका डच जहाजातून निघाले. गुलाम म्हणून विकले गेलेले दोघे राजघराण्याच्या वर्गणीवर प्रवास करत होते, असं म्हणायची पाळी येते!

‘धक्क्यावर घरचे रडत होते, आणि ती आरोळी.’ घरचे शेकडो किलोमीटर दूर होते. निरोप झाला तो हेर्नहूटला, पहाटेच्या अंधारात. झिंझेनडॉर्फने आपल्या गाडीतून बाउत्सेन या जवळच्या गावापर्यंत सोबत केली आणि तिथून दोघे चालू लागले. मोरेव्हियनांच्या मुद्रेवर झेंडा घेतलेला कोकरा आहे, त्यामुळे आरोळी त्यांच्या तोंडी शोभते खरी. पण शोभणं वेगळं आणि घडणं वेगळं. ही गोष्ट आज ज्या थाटात सांगितली जाते तो थाट विसाव्या शतकातल्या एका अमेरिकन उपदेशाच्या ध्वनिमुद्रणातून पसरला. रडणारं कुटुंब, हात उंचावलेले दोघे, हा सगळा माल तिथला.

‘ते पुन्हा कधी दिसले नाहीत.’ निचमान एप्रिल 1733 मध्ये, म्हणजे बेटावर उतरल्यापासून चार महिन्यांत परतीला लागला. 1735 मध्ये बर्लिनला त्याची बिशप म्हणून नेमणूक झाली, नव्याने उभ्या राहिलेल्या मोरेव्हियन मंडळीचा तो पहिला बिशप. पुढे अमेरिकेतल्या जॉर्जियाला निघाला तेव्हा त्याच जहाजात जॉन वेस्ली होता, मेथडिस्टांचा संस्थापक. 1772 साली निचमान पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेममध्ये वारला. डोबर 1734 मध्ये परतला, कारण हेर्नहूटने त्याला मंडळीचा प्रमुख वडील (एल्डर) म्हणून परत बोलावलं. तो 1766 साली हेर्नहूटमध्येच वारला.

हेर्नहूटचं दफनस्थान हुटबेर्ग टेकडीवर आहे. लिंडन झाडांच्या रांगा, जमिनीसरशा आडव्या शिळा, सगळ्या जवळपास सारख्या, कुणाच्या डोक्यावर देवदूत नाही की छत्री नाही. काउंटच्या घराण्याच्या कबरी तेवढ्या मधोमध, उंच आणि ठसठशीत. समता तिथे जराशी अडखळते. बेथलेहेमचं दफनस्थान त्याच पद्धतीचं. जुलै 2024 मध्ये नवी दिल्लीला भारत मंडपममध्ये जागतिक वारसा समितीचं 46 वं अधिवेशन भरलं होतं. आपल्याकडे बातमी झाली ती आसामच्या मोइदामांची, म्हणजे अहोम राजघराण्याच्या दफनस्थळांची. त्याच अधिवेशनात डेन्मार्कच्या क्रिस्टियान्सफेल्डला, जे 2015 पासून यादीत होतं, हेर्नहूट, बेथलेहेम आणि उत्तर आयर्लंडमधलं ग्रेसहिल जोडून ‘मोरेव्हियन चर्च वसाहती’ असा एक सामाईक वारसा घोषित झाला. म्हणजे जे ‘पुन्हा कधी दिसले नाहीत’ त्यांतल्या एकाची माती एका वारसास्थळात आहे, दुसऱ्याची दुसऱ्यात. तिकीट काढून बघून येता येईल.

आता बेटावर प्रत्यक्ष काय झालं ते. पहिल्याच दिवसांत त्यांनी आन्ना आणि आब्राहाम यांना गाठून आंतोनचं पत्र वाचून दाखवलं. निचमानची सुतारकी चालली, दोघांचं पोट त्यावर भरलं. डोबरची कुंभारकी चालेना, तिथली माती धड मिळेना. निचमान गेल्यावर डोबरचे हाल झाले. मग त्याला नोकरी मिळाली ती गव्हर्नर फिलिप गार्डेलीनच्या घरी, कारभारी म्हणून. याच गार्डेलीनने सप्टेंबर 1733 मध्ये गुलामांसाठीचा कायदा जाहीर केला. पळून जाणाऱ्यांच्या म्होरक्याला तापलेल्या सळईचे तीन चटके आणि मग फाशी. इतर पळपुट्यांचा एक पाय तोडायचा. मालकाने दया दाखवली तर एक कान आणि दीडशे फटके. दोन महिन्यांनी शेजारच्या सेंट जॉन बेटावर गुलामांनी उठाव केला आणि कित्येक महिने बेट ताब्यात ठेवलं. ‘स्वतःला विकून घेतलेला’ आपला नायक त्या वर्षी गव्हर्नरच्या घरातली व्यवस्था बघत होता. डोबर दुष्ट होता असं मी म्हणत नाही. त्यालाही ते ताट गोड लागलं नाही, त्याने ती चाकरी सोडली आणि मळ्यावर रखवालीसारखी कामं करून दिवस काढले. पण गोरा असल्यामुळे त्याला चाकरी सोडता आली.

दोघांच्या हातून एकही बाप्तिस्मा झाला नाही. परतताना डोबरने ओली नावाच्या एका गुलाम मुलाला विकत घेऊन, सोडवून, बरोबर नेलं. त्याचा बाप्तिस्मा युरोपात झाला आणि 1736 साली तो हेर्नहूटला वारला. या साऱ्या प्रकरणात खरोखर खरेदी-विक्री झालेला माणूस कोण, तर हा पोर.

आणि फॉन प्लेस? त्याला ही मंडळी कामाची वाटली. सेंट क्रॉय बेटावर त्याचे मळे होते, त्यांवर देखरेखीला त्याने हेर्नहूटची माणसं मागितली. 1734 मध्ये अठरा जण गेले आणि वर्षभरात त्यांतले कितीतरी तापाने दगावले. जीव ओवाळून टाकण्याची गोष्ट सांगायचीच असेल तर तीही इथे आहे. फक्त ती मळ्याच्या मालकासाठी केलेल्या कामात गुंतलेली आहे, म्हणून उपदेशात बसत नाही.

गोष्टीत जे उघड म्हटलेलं नसतं पण ऐकणाऱ्याच्या मनात उतरतं, ते असं की मोरेव्हियन गुलामांच्या बाजूने उभे राहिले. हा सगळ्यात मोठा विपर्यास. डोबरनंतर फ्रीडरिश मार्टिन आला. 1736 मध्ये पहिले तीन बाप्तिस्मे झाले, आणि 1738 मध्ये मार्टिनने सेंट थॉमसवर मिशनसाठी एक मळा घेतला. मळ्याबरोबर नऊ गुलामही घेतले. पहिले दोघे उतरून सहा वर्षंही झाली नव्हती. गुलाम व्हायला निघालेली मंडळी सहा वर्षांत गुलामांची मालक झाली.

1739 च्या जानेवारीत झिंझेनडॉर्फ स्वतः बेटावर आला तेव्हा मिशनरी तुरुंगात होते. त्यांच्यात रेबेका होती. तिचं नाव मराठीत कुणाच्या तोंडी मी ऐकलेलं नाही. अँटिग्वात जन्मलेली, लहानपणी विकली गेलेली, पुढे मुक्त झालेली ही मिश्रवंशीय तरुणी मळ्यामळ्यांतून फिरून बायकांना शिकवत असे. मोरेव्हियन मिशनरी माथेउस फ्रॉइंडलिश याच्याशी तिने लग्न केलं, ते लग्न बेटावरच्या सत्तेने मानलं नाही आणि दोघांना कोठडीत टाकलं. झिंझेनडॉर्फने त्यांना सोडवलं, हे त्याच्या खात्यावर जमा. पण निघण्यापूर्वी जमलेल्या गुलामांपुढे त्याने जे भाषण केलं ते त्याच्याच खात्यावर खर्ची पडतं. देवाने पहिल्या काळ्या माणसाला शिक्षा म्हणून गुलामी दिली, धर्मांतराने शरीर मुक्त होत नाही, फक्त वाईट विचारांपासून सुटका होते, मालकांशी इमानाने वागा, असा त्याचा आशय होता. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ हे स्वतःच्या मनाला सांगणं वेगळं आणि चाबूक खाणाऱ्याला सांगणं वेगळं.

तो जहाजात बसला आणि मळेवाले तुटून पडले. तेव्हा गुलामांनी डेन्मार्कच्या राजाला पत्र लिहिलं, साडेसहाशेहून अधिक शिकणाऱ्यांच्या वतीने. आम्हाला मारतात, आमची पुस्तकं जाळतात, आमच्या बाप्तिस्म्याला कुत्र्यांचा बाप्तिस्मा म्हणतात, ही तक्रार. आणि त्याच वर्षी मारोटा नावाच्या वयस्क बाईने राणीला वेगळं पत्र पाठवलं, बायकांच्या वतीने. ते तिच्या आफ्रिकेतल्या मूळ भाषेत आहे, सोबत डच क्रिओल या बेटावरच्या मिश्र बोलीत तर्जुमा. आफ्रिकेत पोपोला होते तेव्हा मी माऊ देवाची सेवा करत होते, आता गोऱ्यांच्या मुलखात आले तर मला देवाची सेवा करू देत नाहीत, असं ती म्हणते. कुणाचीही दया न भाकता, आपल्या जुन्या देवाचं नाव न लपवता, एका राणीला दुसऱ्या देशातल्या बाईने लिहावं तसं.

‘गोष्ट खरी नसली तरी भाव खरा आहे ना?’ असं म्हणणारे भेटतात. त्यांत चांगली, मनापासून सेवा करणारी माणसं असतात, म्हणून मी उगाच हुज्जत घालत नाही. तयारी खरी होती, हे वर मान्यच केलं आहे. पण या गोष्टीत गुलाम म्हणून डोळ्यांपुढे येतात ते दोन गोरे तरुण, आणि हजारो गुलाम होतात नुसती पार्श्वभूमी. आंतोन जातो, आन्ना-आब्राहाम जातात, रेबेका जाते, मारोटा जाते. ज्यांनी त्या बेटावर मंडळी खरोखर उभी केली, मार खाऊन, पुस्तकं जळताना बघून, तेच वगळले जातात. शिवाय मिशनची नऊ माणसांची खरेदीही बिनबोभाट झाकली जाते. भावाचा प्रश्न असेल तर मारोटाच्या पत्रात तो काय कमी आहे?

मोरेव्हियनांविषयी मला अढी नाही. लेहच्या बाजारात फिरणाऱ्या मराठी पर्यटकांना तिथलं मोरेव्हियन चर्च किंवा मिशन शाळा दिसली असेल. त्या मंडळींनी 1856 पासून लाहौलमध्ये, 1885 पासून लेहमध्ये शाळा, दवाखाने चालवले, तिबेटी भाषेच्या कोशाचं मोलाचं काम केलं. मुलींना शिकवणं, प्रत्येक सामान्य माणसाचं आयुष्य लिहून ठेवण्याच्या योग्यतेचं मानणं, हे त्यांचं देणं मोठंच आहे. डेन्मार्कच्या त्या बेटांवरची गुलामगिरी मात्र मिशनने संपवली नाही. ती 3 जुलै 1848 रोजी संपली, सेंट क्रॉयवर हजारो गुलाम रस्त्यावर उतरले आणि गव्हर्नर पेटर फॉन शोल्टेनला जागच्या जागी मुक्ती जाहीर करावी लागली तेव्हा.

दिल्लीत ज्या चार वसाहतींवर मोहोर उठली त्यांतल्या तीन युरोपातल्या, एक पेनसिल्व्हेनियातली. निकष आखीव वसाहतींचा होता, तेव्हा निवडीवर बोट ठेवता येत नाही. पण 1738 मध्ये घेतलेल्या त्या मळ्यावर सेंट थॉमसचं न्यू हेर्नहूट चर्च अजून आहे. पुढच्या वेळी कुणी ती आरोळीची गोष्ट पाठवली, तर मी वाद घालण्याऐवजी मारोटाच्या पत्राचा मराठी तर्जुमा पाठवणार आहे.